पालथा घडा

"चिठ्ठी नव्हती गं तिथे. म्हणून मी पुढे गेले." माझी सहकारी एवढंच म्हणाली आणि पुन्हा आपल्या स्क्रीनकडे वळली. आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच ते वाक्य जास्त लागलं. ती ज्या चिठ्ठ्यांबद्दल बोलत होती त्या माझ्या एका स्क्रिप्टच्या, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या एका छोट्या प्रोग्रामच्या. वेबपान उघडायचं, स्क्रिप्ट चालवायची, की पानावर जिथे काही राहून गेलंय तिथे पिवळी चिठ्ठी उमटते. बटणाला नाव नाही, लिंक रिकामी आहे, शीर्षकांचा क्रम मधेच तुटलाय, चित्राला वर्णन नाही, इनपुटला म्हणजे मजकूर भरायच्या चौकटीला लेबल नाही. चिठ्ठी कुठे लावायची याचा मी फार विचारही केला नव्हता. ज्या एलिमेंटमध्ये, म्हणजे पानाच्या ज्या घटकात उणीव, त्याच्याच पोटात. अपेंडचाइल्ड म्हणायचं, म्हणजे हे मूल आत घे, झालं. मी ते पाच-सहा पानांवर चालवून पाहिलं होतं, चिठ्ठ्या छान उमटत होत्या, आणि कोवळ्या पिवळ्या रंगाचं मला थोडं कौतुकही वाटत होतं. तिने त्या चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवला. जिथे पिवळं दिसलं तिथे थांबली, दुरुस्त केलं, जिथे दिसलं नाही तिथून पुढे गेली. पान तयार झालं आणि लोकांपर्यंत पोचलं.

मग एक निरोप आला. स्क्रीन रीडरवर ऐकत ऐकत वाचणाऱ्या कुणाचा तरी. पानावरचा मजकूर नीट ऐकू आला, पण मधेमधे चित्रं आली की यंत्र फाइलचं नाव वाचून दाखवतं, असं त्यात लिहिलं होतं. मी कानांत हेडफोन घालून तेच पान ऐकायला बसले. दोन परिच्छेद सुरळीत गेले आणि मग त्या सपाट, न थकणाऱ्या आवाजात अक्षरं, अंडरस्कोर, शून्य, शून्य, चार, डॉट, जेपीजी. पुन्हा मजकूर. पुन्हा तेच. एखादी व्यक्ती मन लावून बोलत असताना कुणी मधेच फळीवरच्या खोक्यांचे नंबर ओरडावेत तसं. सहा वेळा ते झालं आणि सहाही वेळा मी डोळे मिटून घेतले. हे पकडण्यासाठीच तर मी ती स्क्रिप्ट लिहिली होती.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी त्या पानाची तिने दुरुस्त करण्याआधीची प्रत उघडली आणि कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरशी थेट बोलता येतं त्या खिडकीत, विचारलं, किती चिठ्ठ्या आहेत? उत्तर आलं ४१. मग बोट स्क्रीनवर ठेवून एकेक पिवळा ठिपका मोजत खाली गेले. ३४. पुन्हा मोजले. ३४. म्हणजे सात चिठ्ठ्या होत्याही आणि नव्हत्याही. त्यांतली सहा चित्रं होती आणि एक शोधाचा इनपुट. पहिलं चित्र हाताशी घेऊन मी विचारलं, तुझ्या चाइल्डनोड्सची, म्हणजे पोटातल्या मुलांची, संख्या किती? एक. पहिलं मूल कोण? माझी चिठ्ठी. तिच्यातला मजकूरही शाबूत, "वर्णन नाही", शब्द न् शब्द. मग त्याच चित्राचं आउटरएचटीएमएल मागितलं, म्हणजे स्वतःला लिहून दाखव असं म्हटलं, तर त्याने फक्त स्वतःला लिहिलं. चिठ्ठीचा मागमूस नाही. कन्सोलमध्ये चूक दाखवणारी एकही लाल ओळ नव्हती.

नकार नाही, तक्रार नाही. घेतलं आणि गप्प बसलं.

माझ्या मनात आधी आलं ते अर्थातच पालथ्या घड्यावर पाणी. पण मग जाणवलं, हे त्याहून वेगळं आहे. पालथ्या घड्यावरून पाणी ओघळतं, ते ओघळताना दिसतं, पाय भिजतात, आपण थांबतो. इथे पाणी घड्यातच होतं. मोजलं तर भरत होतं. फक्त घडा कुणाला दाखवत नव्हता आणि लिहून विचारलं तर मी रिकामा आहे म्हणून सांगत होता. याला आपल्याकडे म्हण नाही. मी बराच वेळ ती शोधत बसले होते. बाहेर पाऊस थांबून गेला होता, पंख्याचा आवाज तेवढा चालू होता आणि कन्सोलमधला कर्सर पुढच्या प्रश्नाची वाट पाहत लुकलुकत होता.

मी एचटीएमएलचे, म्हणजे वेबपान लिहायच्या भाषेचे, टॅग शिकले तेव्हा पहिला नियम शिकले तो उघडलेलं बंद करायचा. टोकदार कंसात नाव लिहून उघडायचं आणि तेच नाव तिरक्या रेघेसह लिहून मिटायचं. वहीत मी दोन रकाने केले होते, एकात जोडीचे टॅग, दुसऱ्यात एकटे. जोडीचा रकाना पान उलटून पुढे गेला, एकट्यांचा चार-पाच ओळींत संपला. ओळ तोडणारा बीआर, आडवी रेघ ओढणारा एचआर, चित्राचा आयएमजी, इनपुट, मेटा. त्यांना मिटायचं नसतं, एवढंच मी पाठ केलं. का मिटायचं नसतं हे तेव्हा विचारलं नाही. मिटायचं नाही कारण आत काही नाही, हे इतकं उघड वाटलं की त्यात विचारण्यासारखं काही आहे असंच वाटलं नाही. आता वाटतं, प्रश्न तिथेच होता. आत काही नाही म्हणजे आत काही मावत नाही, की आत काही ठेवायचं नाही असं ठरलंय, की आत काही असलं तरी ते धरायचं नाही? वहीतला तो छोटा रकाना या तिन्हींवर एकच पांघरूण घालून बसला होता.

नंतर एक्सएचटीएमएलचे, म्हणजे एचटीएमएलच्या जास्त कडक रूपाचे, दिवस आले. २००० मध्ये त्याची अधिकृत शिफारस आली आणि आम्ही सगळे शिस्तीने प्रत्येक एकट्या टॅगच्या शेवटी एक मोकळी जागा सोडून तिरकी रेघ मारू लागलो. ती मोकळी जागा जुन्या ब्राउझरांचा गोंधळ होऊ नये म्हणून असायची. माझ्या बोटांना ती सवय इतकी लागली की आजही बीआर लिहिला की करंगळी आपोआप स्लॅशकडे जाते. त्या रेघेने मला एक चुकीची समजूत दिली, की रेघ मारली की एलिमेंट मिटतं. मग एकदा रिकाम्या डिव्हला, म्हणजे काहीही भरायच्या साध्या डब्याला, मी तशीच रेघ मारून मोकळी झाले. पान उघडलं तर त्या डिव्हला दिलेला फिकट निळा रंग वरच्या पट्टीतून खाली, खाली, अगदी तळटिपेपर्यंत सांडला होता. साध्या एचटीएमएलमध्ये डिव्हवरची ती रेघ ब्राउझर सोडून देतो. त्याच्या दृष्टीने डिव्ह उघडाच राहिला आणि पुढे जे जे आलं ते सगळं त्याने पोटात घेतलं. बीआरवरची रेघही तो सोडूनच देतो, पण बीआर मुळातच मिटलेला असल्याने आपल्याला ते कधी कळत नाही. म्हणजे एवढी वर्षं ती रेघ मी मारत होते आणि मिटवत होतं ते नाव. कुठलं नाव उघडं राहणार आणि कुठलं उघडताक्षणी मिटणार, हे पार्सरने, म्हणजे ब्राउझरमधल्या पान वाचणाऱ्या भागाने, स्वतःच्या यादीवरून ठरवलेलं असतं.

ती यादी आज १३ नावांची आहे. एरिया, बेस, बीआर, कॉल, एम्बेड, एचआर, आयएमजी, इनपुट, लिंक, मेटा, सोर्स, ट्रॅक, डब्ल्यूबीआर. यांना व्हॉइड एलिमेंट म्हणतात. त्या रात्री सोपा उपाय समोरच होता, ही १३ नावं स्क्रिप्टमध्ये लिहायची आणि त्यातलं कुणी आलं की चिठ्ठी आत न लावता शेजारी लावायची. पण याद्यांबद्दल माझ्या मनात एक जुनी अढी आहे. यादी लिहिली त्या दिवशी बरोबर असते. पॅरम पूर्वी या यादीत होता, आता तो कालबाह्य ठरलाय. कीजेन आला आणि गेला. मेन्यूआयटम नावाचा एक एलिमेंट येऊन विरून गेला, पण रिॲक्ट या वेबपानं बांधायच्या साधनाच्या यादीत त्याची आठवण राहिली. जेक्वेरी या तशाच एका साधनातल्या मजकूर शोधायच्या सूत्रात अशीच नावांची माळ असायची. अशा दहा जागी दहा याद्या, आणि प्रत्येक थोडी निराळी. मला यादी नको होती. समोर जो ब्राउझर आहे त्यालाच विचारायचं होतं, तू या नावाला काय समजतोस?

आणि विचारता येतं. ही युक्ती मला फार आवडते, तिच्यात एक सुतारी सफाई आहे. पानाला हात न लावता क्रिएटएलिमेंटने त्या नावाचं एक कोरं एलिमेंट घडवायचं आणि त्याचं आउटरएचटीएमएल वाचायचं. डिव्ह घडवला तर उघडणारा डिव्ह आणि लगेच मिटणारा डिव्ह, असे दोन तुकडे येतात. बीआर घडवला तर एकच. मिटणारा टॅग मिळाला तर या नावाला पोट आहे, नाही मिळाला तर नाही. एका ओळीत प्रश्न संपतो. यादी ब्राउझरच्या आत असते, आपण फक्त ती त्याच्या तोंडून वदवून घेतो. आणि तो आपल्या यादीपेक्षा थोडं जास्तच सांगतो, कारण लिहून दाखवताना ब्राउझर त्या १३ नावांबरोबर बेसफॉन्ट, बीजीसाउंड, फ्रेम, कीजेन आणि पॅरम या पाच जुन्या नावांनाही तसंच वागवतो. नियमांतून निवृत्त झालेली माणसं, पण दारावरची त्यांची पाटी कुणी काढलेली नाही, कारण त्यांच्या नावाने लिहिलेली जुनी पानं अजून जगात आहेत. हे वाचलं तेव्हा मला खरंच बरं वाटलं. एवढं मोठं, सतत बदलणारं यंत्र, आणि त्यात जुन्या पानांसाठी एवढी काळजी.

एका ओळीचं उत्तर मिळाल्यावर खरं तर झोपायला हवं होतं. पण खटकत होतं ते तसंच होतं. पोट नाही हे ब्राउझरला ठाऊक आहे, तर मग त्याने माझी चिठ्ठी घेतली कशी?

घेणारा वेगळा आणि लिहिणारा वेगळा, असं त्याचं उत्तर आहे. पानाचा मजकूर वाचताना पार्सर एका नियमावलीने चालतो. त्याला बीआर दिसला की तो तिथेच मिटवतो. आपण हट्टाने बीआर उघडून आत मजकूर लिहून बीआर मिटवला, तर मजकूर बाहेर शेजारी पडतो आणि तो मिटणारा टॅग आणखी एक बीआर होऊन बसतो. आयएमजीला असंच मिटवायला गेलं तर मिटणारा टॅग सरळ टाकून दिला जातो. पण पान एकदा वाचून झालं आणि स्मृतीत त्याचं झाड उभं राहिलं की तिथे राज्य डॉमचं, म्हणजे ते झाड हाताळायच्या नियमांचं. डॉमची पहिली शिफारस १९९८ ची, एचटीएमएल आणि एक्सएमएल दोन्हींसाठी मिळून केलेली. तिला बीआर म्हणजे काय, चित्र म्हणजे काय, याच्याशी कर्तव्य नाही. समोर एलिमेंट आहे ना? मग त्याला मूल देता येतं. ती हरकत घेते ती निराळ्या गोष्टींवर. मजकुराच्या नोडला, म्हणजे झाडातल्या नुसत्या अक्षरांच्या तुकड्याला, मूल देऊ पाहिलं तर ती चूक दाखवते. एखाद्याला त्याच्याच वंशजाच्या पोटात घालू पाहिलं तर चूक दाखवते. चित्राच्या पोटात चिठ्ठी, याला मात्र तिची ना नाही. मग तिसरा येतो तो लिहून देणारा. त्याचा नियम, व्हॉइड दिसला की आत पाहायचंच नाही. आणि चौथा, रंगवणारा, त्याला चित्राच्या जागी चित्राचे ठिपके भरायचे असतात, त्याच्या मुलांसाठी त्याने जागाच आखलेली नसते. चौघेही आपापल्या जागी खरं बोलत होते. मी फक्त डॉमच्याच दारावर विचारून परत फिरले होते.

सरळ विचारता येईल असा गुणधर्म एकेकाळी होता. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये कॅनहॅवचिल्ड्रन नावाचा एक गुणधर्म असायचा, नावातच प्रश्न. एलिमेंटला विचारायचं, तुला मुलं होऊ शकतात का, आणि ते हो किंवा नाही सांगायचं. नवे एचटीएमएल५ टॅग जुन्या ब्राउझरला ओळखता यावेत म्हणून लिहिलेल्या एचटीएमएल५शिवमध्येही त्याचा वापर होता. मी तो कधीतरी वापरलाय, त्या नावातला एक विचित्र कोवळेपणा तेव्हाही जाणवला होता. तो प्रमाणित नियमांत कधी आला नाही, आणि २०२२ च्या जूनमध्ये तो ब्राउझरही निवृत्त झाला. आज आपण तोच प्रश्न आडून विचारतो, कोरं एलिमेंट घडवून, त्याला लिहायला लावून. आडवळणाने विचारलेल्या प्रश्नांचं एक असतं, उत्तर मिळतं, पण ते नेमकं कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे हे आपल्याला लक्षात ठेवावं लागतं. मिटणारा टॅग आहे का, याचं उत्तर मला मिळालं होतं. माझी चिठ्ठी दिसेल का, हे मी अजून विचारलंच नव्हतं.

ते विचारायला घेतलं आणि पोट असलेल्यांचीही तऱ्हा कळत गेली. स्क्रिप्टने चित्र काढायच्या कॅनव्हासला मिटणारा टॅग आहे, म्हणजे तो या परीक्षेत पास. आत चिठ्ठी लावली तर ती झाडात असते, लिहून दिली जाते, पडद्यावर मात्र येत नाही, कारण कॅनव्हासच्या आतला मजकूर हा ज्यांना कॅनव्हास दाखवता येत नाही त्यांच्यासाठीचा पर्याय. व्हिडिओचं तसंच. आयफ्रेमचं पोट दिसतं एक आणि असतं दुसरं, टॅगांच्या मधे लिहिलेलं कुणी पाहत नाही, खरं पान आत निराळंच नांदत असतं. टेक्स्टएरिया फक्त साधी अक्षरं धरतो, त्याच्या आत दुसरा टॅग लिहिला तर तो टॅग न राहता अक्षरंच होऊन जातो. आणि टेम्प्लेट! पुढे वापरायचा साचा राखून ठेवणाऱ्या या टेम्प्लेटने मला खुर्चीतून उठवलं. त्याच्या आत मजकूर लिहून इनरएचटीएमएल, म्हणजे आतलं काय ते, विचारलं तर तो सगळं धडधड वाचून दाखवतो. चाइल्डनोड्स मोजायला गेलं तर शून्य. मजकूर त्याच्या पोटात नसतोच, कंटेंट नावाच्या एका वेगळ्या तुकड्यात जपून ठेवलेला असतो. माझ्या चित्राच्या नेमकं उलटं. चित्राकडे मूल होतं आणि सांगत नव्हतं, टेम्प्लेट सांगत होता आणि त्याच्याकडे मूल नव्हतं.

परिच्छेदाचा पी त्यातल्या त्यात सगळ्यांत साधा वाटतो, पण त्याच्याही मनात कोण आत आणि कोण बाहेर हे पक्कं आहे. पीच्या आत डिव्ह लिहिला तर पार्सर डिव्ह येताच पी मिटवून टाकतो. डिव्ह बाहेर पडतो आणि शेवटचा मिटणारा पी जोडीदार न सापडल्याने आणखी एक रिकामा पी उभा करतो. लिहिले दोन, झाले तीन. तोच डिव्ह स्क्रिप्टने अपेंड केला तर मुकाट्याने आत बसतो. आणि टेबलच्या आत, कुठल्याही घराबाहेर म्हणजे सेलबाहेर, नुसताच मजकूर टाकला तर पार्सर तो उचलून टेबलच्या आधी नेऊन ठेवतो. या कृतीचं नियमावलीतलं नाव फॉस्टर पेरेंटिंग. ज्याला आपल्या घरात जागा नाही त्याला सांभाळणारा पालक शोधून देणं. हजारो ओळींच्या त्या रुक्ष नियमांत कुणाला तरी हे नाव सुचलं, आणि ते टिकलं. तिथे मी नेहमी थोडा वेळ थांबते.

पण माझं मन परत परत जात होतं ते चित्राकडेच. कारण चित्राला पोट नसणं ही निसर्गातली गोष्ट नव्हे, ते कधीतरी ठरलेलं आहे. १९९३ च्या फेब्रुवारीत मोझेक ब्राउझर घडवणाऱ्यांपैकी एक, मार्क अँड्रीसन यांनी आयएमजी टॅगची सूचना मांडली, तेव्हा तो एकटाच होता. नाव आणि चित्राचा पत्ता, बस. चित्राला कुणी पाहू शकलं नाही तर काय, याचं उत्तर मग ऑल्ट नावाच्या गुणधर्मात द्यावं लागलं, टॅगच्या अंगावर अडकवलेल्या चिंधीसारखं. १९९५ च्या एचटीएमएल ३.० च्या मसुद्यात फिग नावाचा एक एलिमेंट होता. त्याला पोट होतं. चित्राचा पत्ता टॅगवर आणि वर्णन आत, परिच्छेद, याद्या, लिंका, हवं तेवढं. ज्याला चित्र दिसतं त्याने चित्र पाहावं, ज्याला दिसत नाही त्याने आतला मजकूर वाचावा. तो मसुदा पूर्णत्वाला गेला नाही, फिगही गेला. राहिला तो आयएमजी. एचटीएमएल ४ ने ऑल्ट सक्तीचा केला, पण पोट ते पोट आणि चिंधी ती चिंधी. पोट रिकामं राहिलं तर डोळ्यांना खुपतं. अंगावर न अडकवलेली चिंधी कुणाच्या लक्षात येणार?

सहा वेळा डॉट जेपीजी ऐकलेल्या त्या व्यक्तीला हे सगळं माहीत असण्याचं कारण नाही. मला मात्र फिगची आठवण काढल्याशिवाय तो आवाज आता ऐकवत नाही.

सातवा होता तो इनपुट. तोही व्हॉइड, वहीतल्या एकट्यांच्या रकान्यातला. पण ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये त्याच्या आतलं छुपं झाड दाखवण्याची सोय आहे, ती चालू केली की इनपुट आपलं दार किलकिलं करतो. आत एक छोटा डिव्ह असतो, आपण टाइप केलेली अक्षरं त्यात नांदत असतात. म्हणजे इनपुटला पोट आहे, फक्त ते ब्राउझरचं आहे, आपलं नाही. आपण बाहेरून तसंच छुपं झाड लावू गेलो, अटॅचशॅडो म्हटलं, तर मात्र तो चक्क नकार देतो, चूक फेकतो. ती परवानगी अंगच्या एलिमेंटांपैकी फक्त १८ नावांना आहे, डिव्ह, स्पॅन, पी, शीर्षकं, आर्टिकल वगैरे, आणि आपण स्वतः घडवलेल्या कस्टम एलिमेंटांना. ती लाल ओळ पाहून मला हायसं वाटलं. निदान कुणीतरी तोंडावर नाही म्हणालं. एचआर आणखी वेगळा. तोही व्हॉइड, पण सीएसएसमधून, म्हणजे पानाच्या सजावटीच्या नियमांतून, त्याला बिफोर लावून काही अक्षरं दिली तर तो ती दिमाखात मिरवतो. आडव्या रेघेच्या मधोमध फुलं, तारे काढणाऱ्यांना हे बरोबर ठाऊक असतं. चित्राला बिफोर लावा, काही उमटत नाही. एकाच यादीतली दोन नावं, आणि दोघांचे स्वभाव इतके वेगळे.

पहाटेकडे मी प्रश्नच फिरवला. एलिमेंटला विचारायचंच नाही, तुझ्यात मावेल का. चिठ्ठी आत ठेवायची आणि चिठ्ठीला विचारायचं, तुला जागा मिळाली का? त्यासाठी गेटक्लायंटरेक्ट्स आहे, पडद्यावर तुझे किती चौकोन आखले गेले हे सांगणारं. चित्राच्या पोटातल्या चिठ्ठीने उत्तर दिलं शून्य. कॅनव्हासमधल्या चिठ्ठीने शून्य. व्हिडिओ, आयफ्रेम, टेक्स्टएरिया, बीआर, सगळीकडून शून्य. बटणातल्या चिठ्ठीने सांगितलं एक. ना यादी लागली, ना आउटरएचटीएमएलची युक्ती, जिचं मला एवढं कौतुक होतं. घड्याला विचारत बसण्यापेक्षा पाण्याला विचारणं सोपं होतं आणि मला ते इतक्या उशिरा सुचलं याचं वाईट वाटलं. एक अडचण राहिली. चित्र ज्या डब्यात आहे तो डबाच लपवलेला असेल तरी उत्तर शून्यच येतं. म्हणून आत शून्य आलं तर चिठ्ठी काढून एलिमेंटच्या लगेच मागे लावायची, तिथेही शून्य आलं तर पानाच्या माथ्यावर एक यादी करून तिच्यात ती नोंद टाकायची. टेबलचा स्तंभ सांगणाऱ्या कॉलसारखे जे कुठेच चिठ्ठी दाखवू शकत नाहीत, त्यांचीही सोय त्या यादीत झाली. आणि शेवटी स्क्रिप्टने दोन आकडे छापायचे, किती लावल्या आणि किती दिसतायत. ते दोन जुळले नाहीत तर पूर्ण पानाला लाल काठ. त्यावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला.

सकाळी तीच प्रत तिच्यासमोर उघडली. ४१ आणि ४१. त्यांतल्या ३४ तिने आधीच दुरुस्त केल्या होत्या, उरल्या त्या सात. सहा चित्रांच्या शेजारी सहा चिठ्ठ्या, शोधाच्या चौकटीशेजारी सातवी. रात्रभर त्या तिथेच होत्या हे मला माहीत होतं, तरी त्या दिसल्या तेव्हा छातीत काहीतरी सैल झालं. "एवढ्या होत्या?" ती म्हणाली. मी तिला म्हटलं, होत्या, माझ्याकडून त्या दिसायच्या राहिल्या होत्या. ती काही बोलली नाही. खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्या चित्राचं वर्णन लिहायला लागली. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, मला वाचून दाखवलं. दुसऱ्याला वेळ लागला, त्यात तक्ता होता आणि तक्त्यातलं नेमकं काय सांगायचं यावर आम्ही दोघी वाद घालत बसलो. चहा गार झाला. प्रत्येक वर्णन लिहून झालं की स्क्रिप्ट पुन्हा चालवायची आणि एक पिवळा ठिपका विझताना पाहायचा.

सहावं चित्र म्हणजे दोन विभागांच्या मधली नुसती वेलबुट्टी होती. शोभेची. तिथे ती थांबली. "याचं काय सांगू? काही सांगण्यासारखं नाहीये यात." मी म्हटलं, मग तसंच लिही. तिने ऑल्ट लिहिला, बरोबरीचं चिन्ह दिलं, दोन अवतरणचिन्हं काढली आणि मधे काहीच लिहिलं नाही. मी हेडफोन तिच्याकडे दिले. आवाज पाचव्या चित्राचं वर्णन वाचून परिच्छेदात गेला, परिच्छेद संपला, आणि वेलबुट्टीपाशी न अडखळता पुढचं शीर्षक वाचू लागला. शेवटची चित्राची चिठ्ठी विझली. शोधाच्या इनपुटला लेबल द्यायचं तेवढं राहिलं होतं.